सेल्टाच्या टीचिंग प्रॅक्टिसची तयारी कशी करायची

केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवायचा सर्टिफिकेट कोर्स, करताय ना, मग सगळा खेळ टीचिंग प्रॅक्टिसचा आहे. 6 तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवायचं, तेही दोन वेगवेगळ्या लेव्हलना, आणि मागे ट्रेनर आणि बाकीचे ट्रेनी वहीत काहीतरी खरडत बसलेले असतात, त्यांच्याकडे बघूच नका. शिवाय 6 तास अनुभवी शिक्षकांचे क्लास बघायचे असतात, तिथे ते सूचना कशा देतात ते टिपून घ्या.

लेसन प्लॅनमध्ये सूचना शब्दशः लिहून काढा, छोट्या वाक्यांत. आणि "समजलं का?" विचारू नका हो, सगळेच माना डोलावतात! त्यापेक्षा लिहायचंय की बोलायचंय, एकट्याने की जोडीने, असं विचारा. ग्रामरचंही तेच, "ही यूज्ड टू स्मोक" शिकवलं की विचारा, पूर्वी ओढायचा का, एकदाच की नेहमी, आता ओढतो का, उत्तरं बरोबर आली म्हणजे डोक्यात गेलं. हँडआउट सूचना देऊन झाल्यावरच वाटा, आधी दिले की कोण ऐकतंय!

जोडीत बोलत असताना मध्येच चुका सुधारू नका, ऐकून लिहून ठेवा, नंतर बोर्डवर नाव न घेता मांडा, त्यांनाच दुरुस्त करू दे.