हिरोशिगेचा पाऊस रायबंदरच्या धक्क्यावर: जुन्या मास्तराच्या चित्रावरून आपलं चित्र कसं काढायचं

माझ्याकडे रविवारी चित्रकलेला येणाऱ्या मुलांपैकी कोणी ना कोणी विचारतंच, ताई मला त्या मुराकामीसारखं काढायचंय, ती हसणारी रंगीत फुलं, कसं काढू? मी दरवेळी एकच सांगते, की फुलं काढून मुराकामी येत नाही बाबा, तो जे करतो ते कर. तो जुन्या मास्तरांच्या चित्रासमोर बसतो, ते हाताने परत काढतो आणि मग त्यात आपलं काहीतरी घालतो. हीच रीत आपल्याला घरी, पोस्टर कलरमध्ये, गोव्याच्या पावसात कशी जमवता येईल ते इथे लिहितेय, मी स्वतः तीन-चार वर्षं अशीच काढतेय आणि मुलांकडूनही करून घेतेय.

आधी त्याच्याबद्दल थोडं, कारण हे माहीत नसेल तर पुढची मेहनत कशासाठी ते कळत नाही. ताकाशी मुराकामी हा आजचा जपानी चित्रकार, जन्म १९६२ चा, टोकियोचा. लोकांना तो लुई व्हिटॉनच्या रंगीत बॅगांमुळे माहीत असतो, ते काम २००३ चं, पण माणूस शिकलाय निहोंगा म्हणजे पारंपरिक जपानी चित्रकला, आणि त्यात त्याने १९९३ मध्ये पीएचडी केलीय. नोबुओ त्सुजी म्हणून जपानी कलेचे मोठे अभ्यासक, ते एका मासिकात मुराकामीला जुने चित्रकार दाखवायचे आणि तो त्यावर नवीन काम करायचा. एकदा त्सुजींनी त्याला म्हटलं, कधीतरी स्वतःच्या हाताने काढ की, कारण त्याच्या स्टुडिओत मदतनीस भरपूर. त्या रागात त्याने सोगा शोहाकू या अठराव्या शतकातल्या चित्रकाराच्या ढगातल्या ड्रॅगनवरून सुमारे १८ मीटर लांबीचा लाल ड्रॅगन स्वतः काढला, २०१० मध्ये, आणि हा सगळा किस्सा चित्राच्या नावातच घालून टाकला. मला हे फार आवडतं, एवढा मोठा झालेला माणूस सरांचं बोलणं मनाला लावून घेतो आणि ब्रश उचलतो.

मग २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये हिरोशिगे या एकोणिसाव्या शतकातल्या जपानी चित्रकाराची ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्यं’ ही मालिका मांडली होती, आणि तिच्यासोबत मुराकामीने त्यावरूनच काढलेले कॅनव्हास. एदो म्हणजे जुनं टोकियो. ही लाकडी ठशांची मालिका १८५६ पासून दोन-तीन वर्षांतली, त्याआधी १८५५ मध्ये एदोत मोठा भूकंप झाला होता, आणि मालिका चालू असतानाच १८५८ मध्ये हिरोशिगे गेला. मुराकामीने ती मोठी करून परत काढली आणि काही ठिकाणी आपली छोटी छोटी पात्रं आत लपवली. नक्कल पूर्ण, बदल चिमूटभर, आणि आपल्याला शिकायचंय ते हेच.

तर सुरुवात. एकच चित्र निवडा, पाच नको. पहिल्यांदा करताय तर मी ‘शिन-ओहाशी पुलावरचा अचानक आलेला पाऊस’ घ्या म्हणेन, १८५७ चं, ज्यावरून व्हॅन गॉगने १८८७ मध्ये तैलरंगात कॉपी केली होती ते. हे घ्या म्हणते कारण पाऊस आपल्याला कोणी शिकवायला नको. ब्रुकलिन म्युझियमच्या साइटवर ही मालिका बघता येते, मोबाईलवर नको, लॅपटॉपवर मोठं करून बघा, आणि जमलं तर पणजीतल्या एखाद्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढून आणा.

आता पेन्सिल बाजूला ठेवा आणि वीस मिनिटं फक्त बघा. खरंच वीस, घड्याळ लावून. बघता बघता वहीत लिहा, पुलावर माणसं किती, छत्री कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, कुठल्या गोष्टी चौकटीच्या कडेला कापल्या गेल्यात, सगळ्यात गडद रंग कुठे आहे. पावसाच्या रेघांकडे तर नीट बघाच. त्या सगळ्या एका दिशेने पडत नाहीत, बारीक रेघांचे दोन थर आहेत आणि दोघांचा तिरपेपणा किंचित वेगळा आहे, म्हणून त्या एकमेकींना छेदतात आणि पाऊस हलतोय असं वाटतं. मला हे बघायला पहिल्यांदा कितीतरी दिवस लागले होते, मी आपली एकाच दिशेने रेघा मारत होते आणि कागदावर पाऊस न पडता नुसती जाळी लावल्यासारखं दिसत होतं.

मग नक्कल. मूळ छापा साधारण ३६ बाय २४ सेंटिमीटरचा, म्हणजे ए-३ कागदावर मूळ मापातच आरामात बसतो. कागदावर ३६ बाय २४ ची चौकट आखा, त्यात ३ सेंटिमीटरचे चौकोन पाडा, उभे १२ आणि आडवे ८, असे ९६ होतात. प्रिंटवर पण तेवढेच चौकोन पाडा आणि एकेक चौकोन बघून उतरवा. ट्रेसिंग करू नका, लाइट लावून खालून तर अजिबात नको. ट्रेस केलेली रेघ मेलेली असते, कारण हात नुसता मागे मागे जातो, डोळा काही ठरवत नाही. चौकोनात काढताना चूक होते आणि ती दुरुस्त करताना तुम्हाला कळतं की पूल एवढा तिरपा का ठेवलाय, आणि पलीकडचा किनारा उलट्या बाजूला का कललाय. शिकणं होतं ते तिथेच.

रंगात एक गोष्ट खास शिकायची, ती म्हणजे बोकाशी, वरचा काळा ढग खाली येता येता विरघळतो ना, ते. जपानी कारागीर ठशावरच रंग ओला करून पुसून ते करायचे. आपण चपट्या ब्रशने करूया, ब्रशच्या एका कोपऱ्याला रंग, दुसऱ्या कोपऱ्याला नुसतं पाणी, आणि न थांबता एका हाताने डावीकडून उजवीकडे ओढायचं. थांबलात की डाग पडलाच. जुलैमध्ये आपल्याकडे हवा इतकी दमट असते की रंग लवकर सुकत नाही, बोकाशीला ते चांगलंच, पण कागद पापडासारखा फुगतो, म्हणून आधीच जाड कागद ओला करून चारी बाजूंनी गम टेपने बोर्डला चिकटवून रात्रभर पंख्याखाली ठेवा.

नक्कल झाली की तिच्याकडे बघून चित्राचा सांगाडा वेगळ्या कागदावर काढा, चार-पाच रेघांत. वर ढग, मधून तिरपा पूल, त्यावर घाईत चाललेली वाकलेली माणसं, खाली नदी आणि त्यात एकटाच तराफेवाला. आता हा सांगाडा उचलून आपल्याकडे आणायचा. मी पणजीजवळच्या रायबंदरला आणला. पुलाच्या जागी समोरच्या चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का, त्यावर स्कूटरवाले रेनकोट घालून वाकलेले, एक बाई मासळीची पाटी डोक्यावर धरून पळतेय, नदी मांडवी, आणि पलीकडच्या करड्या किनाऱ्याच्या जागी चोडण्याची खारफुटी. धक्क्यावर एक संध्याकाळ उभी राहून स्केच केलं, फोटोवरून केलं नाही, फोटोत पाऊस दिसतच नाही धड.

आणि मग आपलं एक पात्र, एकच. मुराकामीची फुलं घेऊ नका, ती त्याची आहेत आणि त्याच्या हक्काची आहेत. तुमच्या घरातून, गावातून आलेलं काहीतरी घ्या. माझ्या भाचीने त्या तराफेवाल्याच्या जागी माटोळीतून, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळांच्या चौकटीतून, निसटलेलं एक तोरिंजन, ते लिंबाच्या जातीचं मोठं फळ, वाहत चाललेलं काढलं, पिवळंधमक, अख्ख्या करड्या चित्रात तेवढाच पिवळा, आणि ते बघून मला हेवा वाटला. मी स्वतः पदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल घातली होती, ताडपत्रीने झाकलेली टोपली मागे, ती पण बरी झाली, पण तोरिंजन ते तोरिंजन.

हे जमलं की दुसऱ्या वेळी मास्तर आपल्या घरचा शोधा. गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी आहे, लाल मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. दोनच रंग, सावली नाही, खोली नाही, सगळं सपाट. मुराकामीने २००० मध्ये ‘सुपरफ्लॅट’ म्हणून जे मांडलं, की जपानी चित्राचा सपाटपणा जुन्या रंगवलेल्या पडद्यांपासून आजच्या कार्टूनपर्यंत एकच आहे, ते वाचून मला पहिली आठवली ती कावीच. हिरोशिगेचा ठसा पण कोरूनच होतो, त्यामुळे हाताला हे दोन्ही जवळचं वाटतं. किंवा दीनानाथ दलाल घ्या, जन्म मडगावचा, जुन्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठं अजून कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत, आजीला विचारा. देवळात मात्र भिंतीला हात लावू नका, कागद टेकवून घासून ठसा घेऊ नका, पुजाऱ्यांना विचारून समोर बसून काढा. ते थर जुने असतात, थोड्या घासण्यानेही सुटतात.

शेवटी चित्राच्या मागे पेन्सिलने लिहा, कोणाचं चित्र, कुठल्या साली, आणि तुम्ही कुठे बसून काय बदललं. इंस्टावर टाकलं तर तिथेही लिहा. टेप सोडवायची घाई करू नका, कोरड्या दिवसांत एक दिवस पुरतो, पावसात मी तीन दिवस तरी बोर्डवरच ठेवते, मग मधे वर्तमानपत्र घालून जाड पुस्तकांखाली आणखी दोन दिवस, आणि त्यानंतरच फ्रेमवाल्याकडे.