बडोद्यात फील्डवर्क करताय? या चुका टाळा

डेझर्टेशनचे दिवस आले की सोशिऑलॉजी, अँथ्रोपॉलॉजीच्या मुलांची एकच तक्रार, लोक खरं सांगतच नाहीत. सांगतात हो, आपलं विचारायचं चुकतं. दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात जाऊन थेट "तुम्ही जातपात पाळता का?" असं विचारलंत तर "छे, आता कुठे राहिलंय तसलं" हेच उत्तर येणार आणि तुम्ही फॉर्मवर टिक करून निघणार. जरा बसा ना तिथे. कामवाल्या मावशींना चहा कुठल्या कपात दिला, तो कप धुवून कुठे गेला, बाकीच्या कपांबरोबर रॅकमधे की खिडकीत एकटा, हे बघा. मग बोललेलं पण लिहा आणि बघितलेलं पण. माणूस खोटारडा आहे असं लगेच ठरवू नका, बरेचदा त्याला स्वतःला खरंच तसं वाटत असतं, आणि खरा अभ्यास तिथेच तर सुरू होतो.

"आपण पण मराठीच, आपल्याला काय नवीन" हे त्याहून धोक्याचं, कारण मग प्रश्नच पडत नाहीत. नात्यांच्या चार्टमधे हे फार दिसतं, पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, आणि सगळी भावंडं कझिन म्हणून एका ओळीत. अहो, आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काकाच्या मुलीशी अजिबात नाही, आणि उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही चालत नाही! अँथ्रोपॉलॉजिस्ट इरावती कर्वेंनी 1953 च्या पुस्तकात हे प्रदेशाप्रमाणे किती नीट मांडलंय. म्हणून आईकडून की वडिलांकडून, ती रेघ चार्टमधे दिसलीच पाहिजे.

छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासींच्या गावांत जाणार असाल तर सरपंचांशी गप्पा मारून परत येऊ नका, बायकांशी, मजुरीला जाणाऱ्यांशी पण बोला. आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग परवानगी घेतल्याशिवाय नको म्हणजे नकोच.

आता नोट्स. त्याच रात्री लिहा, सकाळपर्यंत अर्धं विसरतं. डावीकडे जे दिसलं ऐकलं ते, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते, एकत्र कालवलंत तर नंतर काहीच वेगळं काढता येत नाही.

आणि कॉपी वेगळ्या जागी ठेवा. आपल्या एमएस युनिव्हर्सिटीत 1951 ला येऊन ज्यांनी सोशिऑलॉजी डिपार्टमेंट उभं केलं त्या एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मधे म्हैसूरजवळच्या एका गावात राहून काम केलं होतं, वर्षानुवर्षं त्या नोट्सवर मेहनत घेतली, आणि 1970 मधे ते स्टॅनफर्डला असताना कोणीतरी ऑफिसांना आग लावली. तयार नोट्सच्या तिन्ही कॉप्या तिथेच होत्या, सगळ्या गेल्या. मग मुख्यतः आठवणीतून त्यांनी पुस्तक लिहिलं, ते 1976 ला आलं. तेवढी स्मरणशक्ती आपल्याकडे नाही, तेव्हा रोज रात्री वहीच्या पानांचे फोटो काढून ड्राइव्हवर टाका, फक्त वहीत खऱ्या नावांऐवजी कोड लिहा आणि कोडची यादी ड्राइव्हवर नको, घरी कुलपात.