सरकारी विद्यापीठात फिल्म शिकायला निघालास? आधी स्टोअरच्या अप्पांशी ओळख कर

रिझल्ट लागले की गावाकडून फोन सुरू होतात. भाऊ, पोरगं युट्यूबला अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ टाकतं, आता म्हणे शूटिंगचंच शिकायचं, प्रायव्हेटवाला लाखांत फी सांगून राहिला, भरू का? म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू, दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा.

पहिलं म्हणजे जागा. आपल्या जळगावला, बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात, पत्रकारिता-जनसंवादचा विभाग आहे, घरून जाऊन-येऊन करायचं असेल तर तिथे चौकशी कर, फक्त कुठेही जा सिलॅबसची पीडीएफ उघडून बघ की कॅमेरा, एडिटिंग, साउंड याच्या प्रॅक्टिकलला किती मार्क आहेत, कारण बातमी लिहिणं वेगळं आणि फिल्म बनवणं वेगळं. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा मीडिया अँड कम्युनिकेशन स्टडीज विभाग आहे. दिल्लीला जामिया मिलिया विद्यापीठाचं मास कॉमचं (मास कम्युनिकेशनचं) सेंटर १९८२ पासून चालू आहे, तिथे एमएला फिल्मचं काम भरपूर. आणि पुण्याचीच एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० ला सुरू झालेली, ती केंद्र सरकारची. तिथल्या दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग या तीन वर्षांच्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतं पण कुठलंही चालतं, बीएस्सी ॲग्रीवाला पण बसू शकतो. म्हणून बारावीनंतर लगेच रडत बसू नको, गावाजवळच्या कॉलेजला डिग्री कर आणि ती तीन वर्षं मोबाईलवर शूट करत राहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रिमीलेअर हे ॲडमिशनच्या आठवड्यात तहसीलला पळून मिळत नाही, आधीच काढून ठेव. केंद्राच्या संस्थेला ओबीसीचा दाखला सेंट्रलच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही, यात आपली बरीच पोरं अडकतात. विद्यापीठ बदलणार असशील तर मायग्रेशन सर्टिफिकेट. स्कॉलरशिपचा फॉर्म राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, तो स्वतः भर, सायबरवाल्यावर सोडू नको.

आता खरं काम. सरकारी ठिकाणी फी कमी असते पण कॅमेरा काही तुझ्या नावावर नसतो. आमच्या वेळी वीस पोरं आणि चालू स्थितीत कॅमेरे दोन, तिसऱ्याचं बॅटरीचं झाकण रबरबँडने बांधलेलं. सगळा खेळ इश्यू रजिस्टरचा होता, म्हणजे कोणी कुठलं सामान नेलं ते लिहायच्या वहीचा, आणि ते सामानाचं स्टोअर सांभाळणाऱ्या अप्पांच्या ताब्यात (नाव वेगळं होतं, आम्ही आपलं खान्देशी सवयीने अप्पा म्हणायचो). शहरातली पोरं सरांच्या मागे फिरायची, मी अप्पांकडे बसायचो, केबल गुंडाळायला मदत करायचो. त्यातून कळलं की शुक्रवारी संध्याकाळी सामान घेतलं की सोमवार सकाळपर्यंत आपल्याकडेच, आणि सबमिशनच्या आठवड्यात काहीच मिळत नाही, म्हणून सेमिस्टरच्या पहिल्या महिन्यातच शूट उरकायचं. सामान घेताना तिथेच चालू करून बघायचं, लेन्सवर ओरखडा असेल तर रजिस्टरमध्ये लिहायला लावायचं, नाहीतर परत देताना तो तुझा ओरखडा होतो. माझा झालेला आहे.

कॅमेऱ्याच्या मागे सगळे लागतात, तू साउंड शिक. माझी पहिली डॉक्युमेंटरी केळीवर, रावेरकडे मामांच्या शेतात, मामा इतकं भारी बोलले की विचारू नको, आणि कॅम्पसला येऊन हेडफोन लावले तर मामांच्या आवाजाखाली सलग पाण्याच्या मोटारीची घरघर. शूट करताना हेडफोन घातलेच नव्हते ना. तेव्हापासून नियम, कुठेही गेलं की आधी मोटार, पंखा, फ्रिज बंद करायला सांगायचं (फ्रिज बंद केला तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव, म्हणजे निघताना चालू करायचं विसरत नाही), कॉलरचा माईक लावायचा, आणि मुलाखत झाली की सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज घ्यायचा. त्याला रूम टोन म्हणतात, एडिटला कट लपवायला तोच लागतो.

ट्यूबलाईटखाली चित्र फडफडतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर स्पीड १/५० सेकंद ठेव. मे महिन्यात भुसावळकडे दुपारी शूट ठेवूच नको भो, मोबाईल तापून बंद पडतो आणि उजेड पण डोक्यावरून पडतो, माणसाचे डोळेच दिसत नाहीत. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. एडिटला डाविन्ची रिझॉल्व्हचं फुकटचं व्हर्जन पुरतं, चोरीचं सॉफ्टवेअर टाकून लॅपटॉपची वाट लावू नको.

विषयाचं एक. होस्टेलला गेलं की सगळे गच्चीवर सिगारेट ओढणाऱ्या उदास पोराची फिल्म बनवतात, मी पण बनवली, कुठे दाखवत नाही. तुझ्याकडे सारंगखेड्याचा घोडेबाजार आहे, सावदा स्टेशनवर वॅगनमध्ये केळी भरणारे हमाल आहेत, श्रावणात कानबाई देवीच्या सणाचे रोट आहेत. आणि अहिराणीत बोलणाऱ्याला अहिराणीतच बोलू दे, खाली सबटायटल टाक. कॅमेरा बघून लोक पुस्तकी मराठी बोलायला लागतात, म्हणून पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतच ठेवून चहा प्यायचा.

परत द्यायच्या दिवशी बॅटऱ्या चार्ज करूनच दे. आणि मेमरी कार्ड फॉरमॅट करायच्या आधी डेटा दोन ठिकाणी गेला का आणि उघडतो का ते बघ, नुसता कॉपी झाला म्हणून खूश होऊ नको, कारण अप्पा कार्ड हातात पडलं की पुढच्या ग्रुपसाठी लगेच पुसतात, विचारत नाहीत.