हलकी झिंग: ग्रॅमचा आणि घड्याळाचा हिशेब

किती पेग झाले यापेक्षा शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम पोटात गेलं ते मोजा. मिलिलिटरला टक्केवारीने गुणा, 100 ने भागा, परत 0.79 ने गुणा. 5 टक्क्यांच्या 330 मिलि बिअरमध्ये 13 ग्रॅम येतं, 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या 60 मिलि पेगमध्ये 20. आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिची बाटली? 41 ग्रॅम. ‘नुसती बिअरच तर घेतली’ म्हणणाऱ्याने दोन मोठे पेग रिचवलेले असतात.

आता वजन किलोत घ्या. पुरुषाने ते 0.68 ने, स्त्रीने 0.55 ने गुणावं, त्या आकड्याने ग्रॅमना भागावं आणि उत्तराला 100 ने गुणावं. 100 मिलि रक्तात साधारण किती मिलिग्रॅम अल्कोहोल असेल ते मिळतं. 20 ग्रॅम घेतल्यावर 70 किलोच्या पुरुषाचा आकडा 42 येतो, 55 किलोच्या स्त्रीचा 66. एवढा फरक पडतो कारण अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत फारसं नाही. अर्थात हा अंदाजच. यावर गाडीची किल्ली उचलायची नाही.

रक्तातला हा आकडा 20 ते 50 च्या दरम्यान असताना अंग सैल पडतं, बोलणं वाढतं. मेंदूतली ‘गाबा’ ही लगाम घालणारी यंत्रणा जोर धरते आणि पहिल्यांदा ढिला पडतो तो संकोच. त्याच वेळी दोन गोष्टींकडे एकदम लक्ष ठेवणं जड जाऊ लागतं, पण ते स्वतःला जाणवत नाही. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं, त्यामुळे थंडीत ‘गरम व्हायला’ पिणं उलटंच. लघवी रोखून धरणारं संप्रेरक दबतं आणि फेऱ्या सुरू होतात. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते.

चुकतं ते बहुधा घाईमुळे. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यात शोषलं जातं आणि रक्तातली पातळी शिखराला पोचायला 30 ते 90 मिनिटं लागतात. पहिला पेग ‘चढलाच नाही’ म्हणून दुसरा घेतला की दोन्ही एकदम गाठतात. आधी पोटभर जेवण झालं असेल तर शिखर खाली राहतं.

उतरायचा वेग ताशी 15 मिलिग्रॅमच्या आसपास, कारण अल्कोहोल मोडणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) ठरावीक गतीनेच काम करतं. 42 उतरायला जवळपास तीन तास. कॉफीने डोळे उघडे राहतात, आकडा हलत नाही. लिंबू आणि थंड पाण्याची अंघोळही निरुपयोगी. शिवाय पातळी उतरताना माणसाला आपण शुद्धीवर आलो असं लवकर वाटतं, तेव्हा भरवसा घड्याळावर ठेवा.

झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या चालू असतील तर एक पेगही नको. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर घसरली तर घाम, थरथर आणि गोंधळ हे सगळं नशेसारखंच दिसतं, म्हणून आधी साखर तपासा.

हलवूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील तर ही हलकी झिंग नव्हे. रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत माणसाला कुशीवर वळवून ठेवा, तोंडात काही घालू नका आणि एकटं सोडू नका.