स्लॉट कार वळणावर सुटते? आधी मागचे टायर बघा

स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून धावणारी छोटी विजेची गाडी. माझी १:३२ ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-बत्तिसांश मापाची, वळणावर मागून सुटायची. गाडीला ट्रॅककडे ओढून धरणारं तळाचं चुंबक दोष फक्त झाकतं, म्हणून ते काढूनच तपासलं. मागचे टायर मधे फुगीर, टेकत होती तेवढी मधली पट्टी. गाईड (पुढे तळाला असलेली, खाचेत बसणारी पट्टी) खाचेतच ठेवून चाकांखाली २४० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, कमी वेगात तीस-तीस सेकंद घासले. दाबू नका, मोटर तापते. पूर्ण रुंदीवर एकसारखा मॅट काळा रंग आला की थांबायचं.

बॉडीचे स्क्रू अर्धा फेरा सैल. टायरवाल्याकडचं ५ ग्रॅमचं चिकट वजन गाईडमागे, तळालाच. वर लावलं तर गाडी उलटते.

नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ मात्र पाठ सोडत नाही. दर दहा फेऱ्यांनी टायर सेलोटेपवर फिरवून घ्या.