मशिन शॉपमधील कामगारांना अचूक मोजमाप कसे शिकवावे

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान मशिन शॉपमध्ये गुणवत्तेचे प्रशिक्षण बहुधा ऑडिटच्या तोंडावर उरकले जाते आणि फॉर्म कसा भरावा येथवर येऊन थांबते. त्या फॉर्मवरचा आकडा ज्या हाताने घेतला, त्या हाताचे शिक्षण मात्र राहून जाते. म्हणून सुपरवायझरने सुरुवात मशिनपाशी, उपकरणाच्या शून्यापासून करावी.

मायक्रोमीटरची दोन्ही मोजणारी टोके स्वच्छ कापडाने पुसून, रॅचेट (ठराविक दाबानंतर घसरणारी टोकाची मूठ) फिरवून ती एकमेकांना टेकवावीत आणि शून्य जुळते का ते प्रत्येक कामगाराला स्वतः पाहू द्यावे. शून्याऐवजी 0.02 मिमी जास्त दिसत असेल, तर प्रत्येक रीडिंगमधून तेवढे वजा करावे लागते. जॉब (मशिनवर बनवलेला भाग) घट्ट धरला म्हणजे माप पक्के आले, ही समजूत जुन्या कामगारांतही आढळते. ती मोडण्यासाठी एकच जॉब आधी थिंबल (मायक्रोमीटरची फिरणारी आकडे असलेली नळी) आवळून आणि नंतर रॅचेटचे दोन-तीन टिकटिक आवाज येईपर्यंतच फिरवून मोजायला लावावा. व्हर्निअरने मोजताना जॉब जबड्यांच्या टोकाशी न धरता पट्टीच्या शक्य तितक्या जवळ धरावा, कारण टोकाशी जबडा किंचित कलतो.

यापुढचा भाग उपकरणाच्या निवडीचा असून त्याला अधिक वेळ द्यावा. ड्रॉइंगवर शाफ्टचे माप 25 एच7 (लहान लिपीतला h) असेल, तर व्यास 24.979 ते 25.000 मिमी या हद्दीत, म्हणजे अवघ्या 21 मायक्रॉनच्या (0.021 मिमी) टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकात, बसला पाहिजे. 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या (वाचता येणारे सर्वात लहान माप) व्हर्निअरचा एकच भाग ही जवळजवळ सगळी जागा खातो आणि 0.01 मिमीचा साधा मायक्रोमीटरही तिचे जेमतेम दोन भाग करतो. उपकरण टॉलरन्सच्या दहापट सूक्ष्म असावे हा रूढ संकेत पाळायचा, तर येथे स्लिप गेजवर (अचूक जाडीचा प्रमाण ठोकळा) शून्य लावलेला, 0.002 किंवा 0.001 मिमीचा कंपॅरेटर (प्रमाण मापापासूनचा फरक दाखवणारे उपकरण) हवा. हा हिशेब कामगाराने स्वतः कागदावर मांडला, तर व्हर्निअर का चालत नाही हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मापनाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे, तर एप्रिलमध्ये सांगलीतील पत्र्याच्या शेडमध्ये याच्या जवळपासही तापमान नसते. पोलादाचा 100 मिमीचा जॉब मशिनवरून 45 अंशांवर उतरला, तर तो सुमारे 0.03 मिमी वाढलेला असतो. लहान शॉपला वातानुकूलित खोली परवडत नसेल, तर पोलादी जॉब आणि पोलादी मास्टर (तुलनेसाठीचा प्रमाण तुकडा) काही तास एकाच सरफेस प्लेटवर (सपाट तपासणी-पाटावर) ठेवून मग तुलना करावी, म्हणजे दोन्हींची वाढ जवळपास सारखीच राहते. ॲल्युमिनियम मात्र पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, तेथे ही युक्ती लागू पडत नाही.

आता खरी परीक्षा घ्यावी. दहा जॉबवर क्रमांक घालून तीन कामगारांनी ते प्रत्येकी तीनदा, क्रम बदलून आणि आधीचे आकडे न पाहता मोजावेत. त्यात हद्दीबाहेरचे एक-दोन जॉब मुद्दाम मिसळावेत. एकाच कामगाराची रीडिंग आपसांत जुळत नसतील, तर उपकरण किंवा जॉब धरण्याची रीत तपासावी. कामगारा-कामगारांत फरक पडत असेल, तर सर्वांची पद्धत एक करावी. मोजण्यामुळे येणारा एकूण चढउतार टॉलरन्सच्या 10 टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, 30 टक्क्यांच्या वर गेला तर त्या मापावर जॉब पास किंवा रिजेक्ट करण्यात अर्थ नाही. या आकड्यांवरून कोणाची झाडाझडती घेऊ नये. ती घेतली की रकान्यात ओळीने 24.99 उतरू लागते आणि मोजणे बंद पडते.

उपकरणांचे कॅलिब्रेशन (प्रमाण मापाशी पडताळणी) एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था, हिच्याकडून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावे, पण दाखला ताजा असला तरी खाली पडलेला मायक्रोमीटर त्याच क्षणी वापरातून काढून तपासला पाहिजे आणि त्यात चूक निघाल्यास शेवटच्या योग्य तपासणीनंतरचे सर्व जॉब पुन्हा मोजले पाहिजेत. त्यासाठी तो पडल्याचे कामगाराने सांगायला हवे, म्हणून अशा घटनेचा दंड पगारातून कापू नये.