सप्रेसरचं लॉक तपासताना: नुसतं घासलंय की खरंच बिघडलंय?

नवा क्विक डिटॅच सप्रेसर (बंदुकीच्या नळीच्या तोंडाला झटपट लावता-काढता येणारं, आवाज कमी करणारं नळकांडं) घेतला की पहिल्या दोन-चार वापरांतच लोक घाबरतात, कारण मझल डिव्हाइसवरचा (नळीच्या तोंडावर कायम बसवलेला भाग, ज्यावर सप्रेसर लॉक होतो) काळा थर उडालेला असतो, दात्यांच्या कडा चकाकायला लागतात आणि टेपरवर, म्हणजे त्याच्या निमुळत्या भागावर, एक लख्ख रिंग दिसायला लागते. यात घाबरण्यासारखं काहीच नाहीये. उलट ज्यामुळे खरंच गोळी आत घासू शकते ती गोष्ट दिसायला एकदम साधी असते, काजळीचा पातळ थर, अर्धवट बसलेली लॅच (दात्यांत अडकणारी खिट्टी), असलं काहीतरी. म्हणून "किती घासलंय" एवढ्यावर निकाल लावायचा नाही. बघायचं हे की दर वेळी सप्रेसर त्याच जागी, तितकाच घट्ट आणि नळीच्या रेषेत बसतोय का.

आधी सुरक्षेचं. मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे घेऊन अडकवा, चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, डोळ्याने बघा आणि करंगळी घालूनही चाचपा, दोन्ही करायचं, कारण पुढे आपण डोळा नळीच्या तोंडाशी नेणार आहोत. बोल्ट-अ‍ॅक्शन असेल तर बोल्ट सरळ बाहेरच काढून ठेवा. राउंड (काडतुसं) तपासणीच्या टेबलावर नकोतच. मग सप्रेसर पूर्ण थंड होऊ द्या, ५.५६ (रायफलच्या काडतुसाचं एक माप) मधून ३० राउंड भराभर मारले तर तो पाणी उकळण्याच्या कितीतरी वर तापतो, हात तर भाजेलच पण धातू फुगलेला असताना ढिलाई तपासली तर उत्तरही चुकीचंच येतं. हातमोजे घाला, ती काळी पूड नुसती काजळी नसते, त्यात शिसंही असतं, त्यामुळे हवेच्या प्रेशरने उडवायची नाही आणि काम झाल्यावर हात नीट धुवायचे.

आता लॉक काम कसं करतं ते थोडं समजून घ्या, नाहीतर नको त्या ठिकाणी बघत बसाल. डिझाइनं भरपूर आहेत, कुठे रॅचेटचे (एकाच दिशेने फिरू देणारे) दाते आणि त्यात अडकणारी लॅच, कुठे फिरवून आवळायची एक्सेंट्रिक (मध्यापासून सरकलेली) रिंग, कुठे नुसतंच टेपरवर गच्च फिरवून बसवायचं. पण बहुतेकांत कामाची वाटणी तीच असते. सप्रेसर सरळ धरणं, मागे येणारा गॅस अडवणं आणि झटका सोसणं हे टेपर, खांदा (टेकायची पायरीसारखी कड) आणि आटे करतात. दाते, लॅच, कॉलर (सप्रेसरच्या मागच्या बाजूची लॉकची रिंग) यांचं मुख्य काम एवढंच की तो आपोआप उलटा फिरून सुटू नये. एवढं डोक्यात बसलं की दात्याच्या टोकावरची चकाकी फार महत्त्वाची वाटत नाही, टेपरवरचा एक खोल चरा मात्र वाटायला लागतो.

सप्रेसर ढिला वाटतोय म्हणून लगेच लॉकला दोष देऊ नका. बऱ्याचदा लॉक व्यवस्थित असतं आणि मझल डिव्हाइसच नळीवर सैल झालेलं असतं, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखंच जाणवतं. सोपा उपाय म्हणजे मझल डिव्हाइस आणि नळी या दोघांवरून जाईल अशी एक बारीक रेघ पेंट मार्करने मारून ठेवायची. सप्रेसर काढता-घालताना रेघ तुटलेली दिसली की समजायचं, गडबड तिथे आहे. याचं नेहमीचं कारण म्हणजे लाल थ्रेडलॉकर (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा गोंद), तो साधारण १५० अंश सेल्सियसपर्यंतच्या वापरासाठी असतो आणि २५० च्या आसपास सोडूनच देतो, सप्रेसरखाली तेवढं तापमान व्हायला वेळ लागत नाही. रॉकसेटसारखं सिरॅमिक टाइपचं चिकटवायचं द्रव्य त्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता झेलतं आणि पाण्यात भिजवलं की सुटतं, म्हणून सप्रेसरवाले तेच वापरतात. आणि मझल डिव्हाइसच्या खाली क्रश वॉशर (आवळताना चेपणारी चकती) असेल तर पुढची तपासणी थांबवून आधी तो काढा. क्रश वॉशर चेपताना सगळीकडून सारखा चेपत नाही, मझल डिव्हाइस किंचित तिरकं बसतं, आणि नुसत्या फ्लॅश हायडरला (गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा छोटा भाग) ते चालून जातं पण पुढे लांब सप्रेसर लावला की अजिबात चालत नाही. तिथे कंपनीने दिलेले शिम (सपाट पातळ चकत्या), नाहीतर सरळ खांद्यावर बसणारं डिव्हाइस.

मग साफसफाई. हे टाळून कुठलीही तपासणी करू नका, काजळीखाली चीर पण लपते आणि नुसती काजळीच कधीकधी चिरेसारखी दिसते. मझल डिव्हाइसचा टेपर, आटे, दात्यांमधल्या खाचा, कॉलरच्या आतली बाजू, सगळं सॉल्व्हंट आणि नायलॉन ब्रशने धुवून पूर्ण कोरडं करा. कोणता सॉल्व्हंट चालतो ते मॅन्युअलमध्ये बघा, अ‍ॅल्युमिनियमचे भाग असतील तर जास्तच, काही रसायनं अ‍ॅल्युमिनियम खातात. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं जे मिश्रण लोक सुचवतात त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यातून विरघळणारं विषारी शिसं तयार होतं आणि मग ते पाणी ओतायचं कुठे हा नवीन प्रश्न.

कोरडं झालं की टॉर्च समोरून न मारता बाजूने, अगदी आडवी धरून मारा, म्हणजे बारीक खड्डा किंवा उठलेली कडा सावलीने लगेच कळते. १० पट भिंग असेल तर उत्तम.

पहिल्यांदा टेपर. त्यावर सगळीकडून सारखी लख्ख रिंग असेल तर ती चांगली खूण आहे, पूर्ण गोलाईत नीट टेकतोय. चंद्रकोरीसारखी एकाच बाजूला चकाकी असेल तर मात्र काहीतरी तिरकं आहे, नाहीतर काजळी मध्ये येतेय. खात्री करायची तर टेपरवर मार्करची शाई पातळ लावा, सप्रेसर नेहमीसारखा बसवा, काढा आणि शाई कुठे पुसली गेली ते बघा. मग कोरं नख टेपरवरून आडवं फिरवा. नख न अडकता गेलं तर ती फक्त पॉलिश, पुढे चला. नख एखाद्या ठिकाणी अडकलं, म्हणजे तिथे खोल चरा आहे किंवा धातू वर उठलाय, आणि अशा चऱ्यातून गॅस जायला लागला की तो स्वतःच वाट रुंद करत जातो. टायटॅनियमवर हे जास्त होतं कारण तो धातू घासला गेला की एकमेकांना चिकटून ओरखडतो.

आता दाते आणि लॅच. दात्याच्या ज्या बाजूवर लॅच घसरत वर चढते ती उताराची बाजू घासून गुळगुळीत होणारच, त्याकडे बघून चिंता करायची नाही. बघायची ती दुसरी बाजू, जिथे लॅच अडकून थांबते, ती उभी बाजू सरळ आहे की कोपरा गोल होऊन उतार व्हायला लागलाय. एखादा दाता तुटका, टोक मुडपलेलं, किंवा लागोपाठ दोन-तीन दाते बाकीच्यांपेक्षा स्पष्ट बुटके, हे सगळं नुकसान. लॅचचं टोक पण तसंच बघा. एक लक्षात ठेवा, सगळे दाते सारखेच घासले असतील तर ती वयाची खूण, पण फक्त एकाच जागी घासलं असेल तर तिथे काहीतरी चुकतंय, बहुतेक वेळा लॅच पूर्ण न बसता फक्त टोकावर टेकून राहतेय.

स्प्रिंग लोक विसरतातच. लॅच बोटाने दाबा आणि एकदम सोडा, ती ताडकन परत यायला हवी. आळसावून परत येत असेल तर आधी परत धुवा, बहुतेकदा पिव्होटमध्ये (लॅच ज्यावर फिरते ती खीळ) काजळी अडकलेली असते. धुवूनही तसंच असेल तर स्प्रिंग उष्णतेने मेलेली असते. साधी पियानो वायरची स्प्रिंग १२० अंशांच्या वर ताकद गमवायला लागते, स्टेनलेसची त्याच्या दुपटीच्या थोडं पुढे, म्हणून चांगल्या माउंटमध्ये (सप्रेसर धरणारी ही जोडणी) इन्कोनेलसारख्या मिश्रधातूची स्प्रिंग टाकतात. हार्डवेअरच्या दुकानातली मापाला जुळणारी स्प्रिंग टाकू नका, दिसायला जुळते पण एका गरम मॅगझिनमध्ये संपते.

क्लिक ऐकू आला म्हणजे लॉक झालं असं पण समजू नका. टेपरवर काजळी असली तरी दाते क्लिक करतातच, सप्रेसर त्या काजळीवर टेकलेला असतो, दहा-वीस राउंडनंतर ती काजळी चेपते आणि मग तुम्ही म्हणता मगाशी तर गच्च होता. यावर माझा सगळ्यात आवडता उपाय परत तो पेंट मार्करच. स्वच्छ माउंटवर सप्रेसर नेहमीच्या ताकदीने बसवा आणि कॉलर जिथे थांबते तिथे मझल डिव्हाइस आणि कॉलर दोन्हीवर समोरासमोर खूण करा. आता जेव्हा जेव्हा बसवाल तेव्हा कॉलर त्या खुणेच्या अलीकडे थांबली तर आत काजळी आहे, आणि स्वच्छ असूनही काही महिन्यांत हळूहळू पुढे पुढे सरकत चालली तर टेपर किंवा लॉक झिजतंय. एका फोटोपेक्षा ही खूण खूप जास्त सांगते.

ढिलाई तपासताना नळी एका हाताने घट्ट धरा आणि सप्रेसर तीन प्रकारे हलवून बघा, पुढे-मागे ओढून, वर-खाली दाबून आणि गोल फिरवून. पुढे-मागे किंवा वर-खाली जाणवण्याइतकं हललं तर तो वापरायचा नाही, यात चर्चा नाही. गोल फिरण्याचं वेगळं आहे, काही डिझाइनमध्ये अगदी थोडं फिरणं बनवतानाच ठेवलेलं असतं आणि त्याने निशाण्यावर फरक पडत नाही, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं ते वाचा. पण काल फिरत नव्हतं आणि आज फिरतंय, तर मॅन्युअल काहीही म्हणो, कारण शोधा.

शेवटची तपासणी अलाइनमेंट रॉडची, म्हणजे नळी आणि सप्रेसरमधून घालायच्या अचूक सरळ सळईची. यात एवढं काटेकोर का राहायचं ते आकड्यात बघा. गोळी आणि सप्रेसरच्या भोकात एकूण दीड मिमीच्या आसपास फरक असतो, म्हणजे प्रत्येक बाजूला पाऊण मिमी. सप्रेसर १८० मिमी लांब असेल आणि फक्त पाव अंश तिरका बसला तर पुढच्या टोकाशी तो साधारण पाऊण मिमी सरकतो, म्हणजे जागा संपली! पाव अंश डोळ्याला दिसत नाही. आपल्या कॅलिबरचा रॉड घ्या, चेंबर परत एकदा बघा, रॉड जबरदस्ती न करता पुढून घाला आणि पुढच्या टोकाला रॉडभोवतीची फट सगळीकडून सारखी आहे का बघा. मग रॉड स्वतःभोवती फिरवा, फट फिरवताना बदलत असेल तर रॉडच वाकडा आहे, सप्रेसर बिचारा सरळ असू शकतो. रॉड एका बाजूला थोडा जवळ दिसला तर एकदा काढून, पुसून, परत बसवून बघा. भोकाच्या कडेला टेकत असेल तर गोळी झाडायची नाही. आणि रॉड बाहेर काढून समोर ठेवल्याशिवाय रायफलला हात लावायचा नाही.

सप्रेसर काजळीने अडकून बसला असेल तर पाइप पान्हा घेऊन नळकांड्यावर जोर लावू नका, भिंत दबली की आतले बॅफल (गॅस अडवणारे पडदे) पण सरकतात. माउंटच्या बाजूने पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, कंपनीचं स्वतःचं टूल असेल ते वापरा. कानसीने दाते "नीट" करणं, वेल्ड मारणं, लॅच वाकवून घट्ट करणं, यातलं काही घरी करू नका, बऱ्याच ठिकाणी तर परवान्याशिवाय असं काम करणं हा गुन्हाही होतो.

काही खुणा दिसल्या की तपासणी वगैरे सोडून लगेच थांबायचं: पुढच्या टोपणाच्या भोकाला एका बाजूने चकाकता ओरखडा किंवा भोक अंडाकृती, टार्गेटवर गोळी आडवी लागल्याचं लांबट छिद्र, ग्रुप (टार्गेटवरचा छिद्रांचा पुंजका) अचानक दुसरीकडे जाणं, कॉलरवर किंवा वेल्डपाशी केसासारखी चीर. सप्रेसर कंपनीकडे पाठवायचा झाला तर कायद्याप्रमाणे कागद करून पाठवा आणि त्यांना विचारून मझल डिव्हाइसही सोबत द्या, नुसता सप्रेसर पाठवला तर ते त्यांच्या नव्याकोऱ्या माउंटवर लावून बघतात, तिथे तो झकास बसतो, आणि तुमचा तो झिजलेला माउंट तसाच रायफलवर राहतो.